तरोटा खुडण्यापूर्वी पान नीट पाहा

मृगाच्या सरी पडल्या, की आपल्याकडे आठ-पंधरा दिवसांत रस्त्याच्या कडेला, पडीक रानात आणि शाळेच्या आवारात तरोटा उगवतो. चंद्रपूर असो की गडचिरोली, या दिवसांत तरोट्याची कोवळी भाजी ज्या घरात शिजत नाही असे घर विरळाच. पुणे-मुंबईकडे हिलाच टाकळा म्हणतात. विकत घ्यावी लागत नाही, फवारणी झालेली नसते, चवीला बरी आणि अंगालाही बरी. पावसाळ्याच्या तोंडावर मिळणारी ही फुकटची भाजी खरोखर निसर्गाची देणगी आहे.

परंतु वाचकहो, याच तरोट्याच्या शेजारी, त्याच पिवळ्या फुलांचे आणि दुरून तसेच दिसणारे दुसरे एक झुडूप वाढते. त्याचे नाव कासविंदा. काही ठिकाणी त्याला रानटाकळा असेही म्हणतात. एकाची भाजी आपण आवडीने खातो, तर दुसऱ्याचे बी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. रानातील झाडे ओळखता येणे हा केवळ वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा विषय नसून तो आपल्या घरच्या आरोग्याचा विषय आहे, हे समजण्यासाठी या दोन झाडांपासूनच आरंभ करू.

एका गूढ आजाराची हकिकत

पश्चिम उत्तर प्रदेशात काही वर्षे थंडीच्या तोंडावर लहान मुले अचानक आजारी पडत असत. उलट्या व्हायच्या, मूल बरळायचे, बेशुद्ध व्हायचे आणि दोन-चार दिवसांत अनेक मुले दगावायची. सुरुवातीला हा मेंदूज्वरच समजला गेला. परंतु बहुतेक मुलांना फारसा ताप नव्हता, आणि मेंदूबरोबर यकृत व स्नायूंनाही इजा झालेली आढळत होती. तेथील बालरोगतज्ज्ञांनी आणि विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी चिकाटीने शोध घेतला. २००७ च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोष विषाणूचा नव्हता. मुलांनी खेळता खेळता, भुकेपोटी कासविंद्याच्या शेंगा सोलून त्यातील बिया खाल्ल्या होत्या.

पुढे २०१६ साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात शंभराहून अधिक बालके दगावली. त्या साथीत जपानी मेंदूज्वर होताच, पण त्याच्या जोडीला याच झाडाच्या बियांचाही हात असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. मलकानगिरी आपल्यापासून फार दूर नाही. गडचिरोलीच्या पूर्वेला बस्तर लागते आणि बस्तरच्या पलीकडे मलकानगिरी. तेथील रान, तेथील पाऊस आणि तेथील गरिबी आपल्या ओळखीचीच आहे.

दोघांतील फरक कसा ओळखावा?

फरक ओळखणे अवघड नाही. फक्त चार गोष्टी पाहण्याची सवय हवी.

पहिली गोष्ट पानाची. तरोट्याच्या एका पानात पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडे रुंद आणि गोलसर असते. कासविंद्याच्या पानात बहुधा चार ते पाच जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिकेचे टोक भाल्यासारखे निमुळते असते.

दुसरी गोष्ट देठाची. तरोट्याच्या खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये बारीक काडीसारखी एक ग्रंथी दिसते. कासविंद्यात ती ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडालगत, फुगीर ठिपक्यासारखी असते.

तिसरी गोष्ट शेंगेची. तरोट्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याची शेंग चपटी, तुलनेने आखूड, किंचित वर वळलेली असून तिच्या दोन्ही कडा फिकट दिसतात.

चौथी गोष्ट बियांची. तरोट्याचे बी चकचकीत, तिरके कापल्यासारखे असते. कासविंद्याचे बी चपटे व गोलसर असते. आपल्या भागात तरोट्याचे बी गोळा करून विकलेही जाते. ते गोळा करताना मुले बरोबर असतात, म्हणून हा फरक घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

कोवळ्या रोपांत हे फरक पुसट असतात. म्हणूनच शंका आली तर ते रोप खुडू नये, हा साधा नियम पाळावा.

“कसलं तरी बी खाल्लं जी!”

पावसाळ्यात आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतील दवाखान्यात एक प्रसंग वारंवार घडतो. आई मुलाला कडेवर घेऊन धावत येते.

“डॉक्टरसाहेब, पोरानं रानातलं बी खाल्लं जी.”

“कोणतं बी?”

“माहीत नाही जी. काळं काळं होतं.”

येथेच उपचार अडखळतो. काळे बी म्हणजे चंद्रज्योत की आणखी काही? चंद्रज्योत म्हणजे कुंपणाला लावतात ते झाड. हे मूळचे अमेरिका खंडातील. बी चवीला शेंगदाण्यासारखे लागत असल्याने मुले ते मिटक्या मारीत खातात, आणि थोड्याच वेळात उलट्या-जुलाब सुरू होतात. वेळेवर सलाईन मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात. परंतु तेच बी एरंडाचे किंवा चावून फोडलेल्या गुंजेचे असेल तर परिस्थिती निराळी. गुंजेचे कवच टणक असल्याने अख्खी गिळलेली गुंज बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. चावलेली गुंज मात्र प्राणघातक ठरू शकते, आणि तिची लक्षणे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही उमटतात. मूल तासाभराने खेळू लागले म्हणून निश्चिंत होणे येथे चुकीचे ठरते.

धोतऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. तोंड कोरडे पडते, अंग तापते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी घरचे लोक बाहेरची बाधा समजून भलतीकडेच नेतात व मोलाचे तास वाया जातात. झाडाचे नाव सांगता आले, किंवा त्या झाडाची फांदी बरोबर आणली, तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

भाऊ-भाऊ, पण गुण वेगळे

आपल्या जंगलात दिसायला सारख्या, पण गुणाने भिन्न अशा जोड्या पुष्कळ आहेत. काही जोड्या येथे देत आहोत.

पांढरा कुडा आणि काळा कुडा: जुलाब-आव यांवर आयुर्वेदात सांगितलेली कुटज साल ही पांढऱ्या कुड्याची. काळ्या कुड्याची साल तिच्याऐवजी विकली जाते, अथवा अजाणता गोळा केली जाते. दोघांनाही चीक असतो आणि दोघांची फुले पांढरी असतात. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची जोडी टोकाशी चिकटलेली असते. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्यात ते नसतात. एकाच्या बियांना कडू इंद्रजव आणि दुसऱ्याच्या बियांना गोड इंद्रजव म्हणतात, हे जुन्या लोकांना ठाऊक आहेच.

अर्जुन आणि ऐन: दोघे एकाच कुळातील असून दोघांच्या फळांना पाच पंख असतात. अर्जुन नदी-नाल्याच्या काठी वाढतो. त्याची साल गुळगुळीत, फिकट आणि पापुद्र्याने सुटणारी. ऐन कोरड्या रानात वाढतो व त्याची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अर्जुनाची साल हृदयविकारावर गुणकारी म्हणून अनेक जण घेतात. त्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते, की डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करून केवळ सालीच्या काढ्यावर राहू नये.

काजरा आणि निवळी: हे दोघे सख्खे भाऊच म्हणावेत. काजऱ्याच्या, म्हणजेच कुचल्याच्या बीत तीव्र विष असते व झटके येऊन मृत्यू येऊ शकतो. निवळीचे बी मात्र गढूळ पाणी निवळण्यासाठी मडक्याच्या आतल्या बाजूला घासण्याची जुनी रीत आहे. यात एक खुलासा करणे जरूर आहे. निवळीने गाळ खाली बसतो, पण रोगजंतू मरत नाहीत. पाणी उकळणे किंवा त्यात क्लोरीन घालणे टळत नाही.

रानकंद आणि कळलावी: कळलावीचे फूल ज्वालेसारखे लाल-पिवळे आणि फार सुंदर. तिचा कंद अतिशय विषारी. फुले नसताना तो खाण्याचा कंद समजून खणला जाण्याचा धोका असतो. कळलावीचे पान अरुंद असून त्याचे टोक लांबून वेलीच्या ताण्यासारखे गुंडाळलेले असते. खाण्याच्या रानकंदांचे पान बहुधा हृदयाकृती व ठळक शिरांचे असते. यातील कडू कंद कापून, उकळून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून मगच खाण्याची आदिवासींची पद्धत आहे, ती उगीच नव्हे. त्या श्रमाला फाटा देणे धोक्याचे.

मोहरी आणि पिवळा धोतरा: पिवळ्या धोतऱ्याचे बी मोहरीसारखेच काळे व बारीक दिसते. १९९८ साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे जलोदरासारखी सूज येणाऱ्या रोगाची साथ पसरली आणि ६० हून अधिक लोक दगावले. शेतातील काटेरी तणाकडे दुर्लक्ष केल्याने कुठवर मजल जाते, याचे हे उदाहरण.

काही चुकीच्या समजुती

“जनावर खाते ते माणसाला चालते.” हे खरे नाही. पक्षी व शेळ्या अनेक विषारी पाने-फळे सहज पचवितात.

“विष नेहमी कडू असते.” हेही खरे नाही. चंद्रज्योतीचे बी गोडसर लागते म्हणूनच मुले फसतात.

“शिजवले की विष जाते.” काही विषे शिजवून जातात, काही मुळीच जात नाहीत.

“अळंबीत चांदीचे नाणे टाकावे, काळे पडले तरच विषारी.” या परीक्षेला शास्त्राचा आधार नाही. वारुळातून निघणाऱ्या सात्या आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या खाल्ल्या जातात. त्यांचा देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो. ज्यांना सात्या ओळखण्याचा अनेक वर्षांचा सराव आहे, त्यांनी आणलेल्या सात्याच खाव्यात. लाकडावर, शेणखतावर किंवा इतरत्र उगवलेली अनोळखी टेकोडी चाखूनही पाहू नयेत.

आपल्या जिल्ह्यांची वनस्पतिगणना

आपल्या भागातील झाडांचा शास्त्रीय अभ्यास तसा उशिराच झाला. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. परंतु त्या वेळचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. साहजिकच त्या ग्रंथात आपले रान आले नाही. १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ पुण्यात सुरू झाले. तेथील शास्त्रज्ञांनी संपूर्ण राज्याच्या वनस्पतींची सूची सिद्ध केली व तिचे खंड १९९६, २००० आणि २००१ साली प्रसिद्ध झाले.

पण पुस्तकात नोंद होण्याच्या कितीतरी आधीपासून ही झाडे येथील माणसांना ठाऊक होती. डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक याची उत्तम साक्ष देते. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीतील बायका झाडांविषयी काय जाणतात, कोणते झाड बाळंतिणीला, कोणते तापाला आणि कोणते सणाला लागते, हे त्या बायकांकडूनच ऐकून डॉक्टर असलेल्या एका बाईने लिहून ठेवले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने तर अभ्यासगट स्थापून गावानेच आपल्या जंगलाचा अभ्यास करण्याची रीत घालून दिली. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे या अभ्यासाचेही बळ होते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आता प्रत्येक गावात लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. आपल्या गावची नोंदवही झाली आहे काय, आणि झाली असल्यास त्यात विषारी झाडांची नोंद आहे काय, याची चौकशी ग्रामसभेत अवश्य करावी.

आलापल्लीजवळचे ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे सहा हेक्टरांचे जुने वन २०१४ साली राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. साग, ऐन, बिवला आणि त्यांच्यावर चढलेल्या वेली आपसूक वाढू दिल्या तर काय होते, हे तेथे पाहावयास मिळते. शाळांच्या सहली मुलांना एकदा तरी तेथे नेल्या जाव्यात.

अभ्यास कसा सुरू करावा?

एकदम शंभर झाडे शिकण्याची घाई करू नये. महिन्याला पाच झाडे पुरे. त्यातील निदान दोन विषारी असावीत, कारण खाण्याच्या भाज्या घरात आपोआप शिकविल्या जातात, विषारी झाडे मात्र कोणी मुद्दाम शिकवीत नाही.

झाड पाहताना पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? पान साधे की पर्णिकांचे? तोडल्यावर चीक येतो काय, व त्याचा रंग कोणता? साल गुळगुळीत की भेगाळलेली? पान चुरगळल्यावर वास कसा येतो? झाड नाल्याकाठी वाढते की कोरड्या टेकडीवर? फुले-फळे कोणत्या महिन्यात येतात? मात्र अनोळखी पान जिभेला लावून पाहू नये, आणि बिब्ब्यासारख्या झाडाचा रस अंगाला लागू देऊ नये. त्याने कातडीवर फोड येतात.

पान, फूल आणि फळ हे झाडाचे तीन साक्षीदार समजावेत. केवळ पानावरून निकाल देऊ नये. फूल येईपर्यंत थांबावे, फळ धरेपर्यंत पुन्हा त्याच झाडाकडे जावे. एकच झाड वर्षभर पाहिले तर ते जन्मभर विसरत नाही.

नमुना जपून ठेवायचा असेल तर त्यासाठी मोठा खर्च नाही. फुला-फळांसह छोटी फांदी जुन्या वर्तमानपत्रात नीट पसरावी, वर जड पुस्तके ठेवावीत आणि कागद रोज बदलावा. आठ-दहा दिवसांत नमुना सुकतो. मग तो जाड कागदावर चिकटवून खाली गावाचे नाव, तारीख, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग आणि स्थानिक नाव लिहावे. सुकल्यावर फुलाचा रंग उडतो, म्हणून तो आधीच लिहून ठेवणे महत्त्वाचे. हा कागद जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा. ते त्यावर शास्त्रीय नाव लिहून देतील. शास्त्रीय नाव कशाला, असे कोणी विचारील. तरोटा, टाकळा आणि रानटाकळा या तीन नावांतील घोळ आपण वर पाहिलाच. सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस म्हटले की असा घोळ राहत नाही.

या अभ्यासातील सर्वांत चांगल्या गुरू म्हणजे गावातील म्हाताऱ्या बाया. त्यांच्याबरोबर एक पावसाळा फिरा. परंतु एकटे जाऊ नका. आपल्या जंगलात वाघ आहे आणि झुडपांत सापही आहेत. गटाने जावे, आवाज करीत जावे, पहाटे व तिन्हीसांजेला रानात वाकून भाजी खुडत बसू नये. आणि जे काही तोडाल ते बेताने. झाडाची सगळी साल सोलू नये, सगळे कंद उपटू नयेत. पुढल्या वर्षीही ते आपल्याला हवे आहेत.

हे लक्षात ठेवा

१. मुलाने रानातील बी, फळ किंवा पान खाल्ल्याचे कळताच, लक्षणे नसली तरी दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२. तोंडात उरलेले तुकडे बोटाने काढून चूळ भरावयास सांगावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये.

३. मूल गुंगीत असेल तर तोंडाने काहीही देऊ नये. त्याला कुशीवर झोपवावे.

४. ज्या झाडाचे खाल्ले त्याची पाना-फळांसह फांदी पिशवीत घालून बरोबर न्यावी. किती खाल्ले व केव्हा, हे सांगावे.

५. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या इतर मुलांची चौकशी करावी. एकटे मूल सहसा खात नाही.

६. घराभोवती, अंगणवाडीजवळ व शाळेच्या आवारात कासविंदा, चंद्रज्योत आणि धोतरा असल्यास शेंगा धरण्यापूर्वीच उपटून टाकावेत.

येत्या रविवारी मुलांना घेऊन घराच्या मागे जा. तरोट्याचे एक पान आणि कासविंद्याचे एक पान त्यांच्या हातावर शेजारी शेजारी ठेवा आणि फरक त्यांनाच सांगू द्या. त्यानंतर मात्र हात स्वच्छ धुवावयास विसरू नका.